राबाची राख आणि रानाची माती

प्रास्ताविक

चैत्र-वैशाखात कोकणातून किंवा मावळातून प्रवास केला असेल, तर भातखाचरांच्या कोपऱ्यांतून संथपणे वर चढणारा धूर तुमच्या दृष्टीस पडला असेल. पिके केव्हाच निघून गेलेली असतात, जमीन तापून भेगाळलेली असते, पाऊस अजून दीड-दोन महिने दूर असतो. आणि नेमक्या अशा वेळी शेतकरी आपल्याच शेताचा एक तुकडा भाजून काढतो. या कामाला राब भाजणे असे म्हणतात. त्याच दिवसांत पलीकडच्या डोंगरावर वणवा लागतो आणि तो विझवण्यासाठी हाच शेतकरी हिरव्या डहाळ्या घेऊन धावतो. एका आगीला तो काम म्हणतो, दुसरीला संकट. या दोन्ही आगींनंतर मातीतील अन्नद्रव्यांचे काय होते, जळालेले रान पुन्हा वाढू लागले की ती कोणत्या वाटेने परत येतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच विषयावरून ठाणे जिल्ह्यातील शेतकरी व सरकार यांच्यात वाद का पेटला, हे या पाठात पाहावयाचे आहे.

पाठ माहितीपर आहे. वाचताना कोणते विधान निरीक्षणावर आधारलेले आहे, कोणते तर्काने काढलेले आहे आणि कोणते कोणाच्या हिताशी जोडलेले आहे, हे वेगळे करण्याचा प्रयत्न करा.

मूळ पाठ

राब भाजणे हे दिसते तितके सोपे काम नाही. खाचरातील किंवा खाचराजवळची थोडी उंच जागा निवडतात. मुख्य शेताच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ती असते. तिच्यावर आधी शेणाचा थर पसरतात. त्यावर ऐन, किंजळ अशा झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे टाहाळ, पसरतात. टाहाळांवर वाळलेले गवत आणि पातेरा येतो आणि सर्वांच्या वर बारीक मातीचा पातळ थर देतात. या मातीमुळे आग भडकत नाही, ती धुमसत राहते. वारा ज्या दिशेला वाहत असेल त्या बाजूच्या टोकाला आग लावतात; त्यामुळे ती वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकते आणि खालच्या मातीला पुरेसा शेक मिळतो. घाईने पेटवलेला राब वरवर जळतो आणि माती कच्ची राहते, हे कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते.

पावसाच्या तोंडावर या भाजलेल्या जागेत भाताचे बी पेरतात. तीन-चार आठवड्यांत रोपे लावणीजोगी होतात. त्यांना कुठे रोप म्हणतात, कुठे आवण, कुठे तरवा. न भाजलेल्या जागेतील रोपांपेक्षा ही रोपे अधिक हिरवी व जोमदार दिसतात आणि त्यांच्यात तण कमी असते. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव होता. त्याला कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती.

दाखल्याची गरज पडली ती सरकारी जंगले निर्माण झाल्यावर. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या. राबासाठी लागणारे टाहाळ ज्या रानातून येत, त्यांतील बराच भाग या सीमांच्या आत गेला. कालपर्यंत जे तोडणे वहिवाट होती, ते आज गुन्हा ठरू लागले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर, पडीत जमिनी आणि गायराने आपल्या ताब्यात घेऊन शेतकऱ्याची कशी कोंडी केली, याची कडक शब्दांत तक्रार केली आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष वाढत गेला, तेव्हा १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. या आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब हा त्याच्यापुढील प्रमुख विषयांपैकी एक होता.

वन अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की मूठभर रोपांसाठी झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या जातात, झाडे खुंट होऊन उभी राहतात आणि जंगल नासते. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की राबावाचून या जमिनीत भाताचे रोप धरत नाही आणि भातावाचून आमचे पोट भरत नाही. एका पक्षाला झाड दिसत होते, दुसऱ्याला रोप. मातीचे म्हणणे काय आहे, हे विचारणे तेवढे राहून गेले होते.

ते विचारण्याचे काम पुढे रसायनशास्त्रज्ञांनी केले. इंग्लंडहून आलेले कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची चर्चा केली. त्यानंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह राब पद्धतीचा स्वतंत्र अभ्यास केला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अज्ञानातून चाललेली उधळपट्टी म्हणून ज्या प्रथेकडे पाहिले जात होते, तिची या मंडळींनी प्रयोगशाळेत तपासणी केली, ही गोष्ट आजही आदराने नोंदवावी अशी आहे. राबाचा गुण केवळ राखेत नाही, मातीला मिळणाऱ्या उष्णतेचाही त्यात मोठा वाटा आहे, हे या अभ्यासातून पुढे आले.

आगीचा जमाखर्च

आता मातीत नेमके काय घडते ते पाहू. वनस्पतीला मुख्यतः नत्र, स्फुरद आणि पालाश ही अन्नद्रव्ये लागतात. त्यांच्या जोडीला कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक इत्यादी लागतात. रानात ही द्रव्ये दोन जागी साठलेली असतात. एक साठा उभ्या झाडांच्या पाना-फांद्यांत असतो, दुसरा जमिनीवरच्या पाचोळ्यात व मातीतील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यात असतो. या दुसऱ्या साठ्यातील अन्न मुळांना लगेच घेता येत नाही. ते जिवाणूंनी व बुरशींनी आधी कुजवावे लागते. ही क्रिया मंद असते. आग तेच काम काही तासांत उरकते.

परंतु आग अन्नद्रव्ये निर्माण करीत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. राखेत जे सापडते, ते आधी पानात होते. आग एवढेच करते, की कणगीत बंद असलेले धान्य एकदम अंगणात ओतते. आणि ओतताना बरेच सांडतेही. नत्र सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानापासूनच वायुरूप होऊन उडून जाऊ लागते. पालाश आणि स्फुरद यांना उडून जाण्यासाठी साडेसातशे अंशांहून अधिक तापमान लागते, तर कॅल्शियमला जवळजवळ पंधराशे अंश. साध्या पाचोळ्याच्या आगीत एवढी उष्णता क्वचितच होते. म्हणून राखेत पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि स्फुरद उरतात. नत्राचा मोठा भाग मात्र धुराबरोबर निघून जातो. वर चढणारा तो निळसर धूर म्हणजे काही अंशी शेताचे खतच होय.

मग भाजलेल्या जागेतील रोपे इतकी हिरवी कशी? हिरवेपणा तर नत्रामुळे येतो. याचे उत्तर मातीच्या आत आहे. माती उष्णतेची मंद वाहक असल्याने आगीखाली काही अंगुळे गेले की तापमान झपाट्याने उतरते. वरच्या पातळ थरातील सेंद्रिय द्रव्य तापून अंशतः फुटते आणि त्यातील नत्र अमोनियाच्या रूपात मोकळे होते. मातीतील अनेक जिवाणू मरतात, त्यांच्या शरीरातील नत्रही मोकळे होते. त्यामुळे एकूण नत्र घटलेले असूनही रोपाला तत्काळ घेता येईल असे नत्र काही काळ वाढलेले आढळते. साठा कमी झाला, हातातले चलन वाढले. शिवाय तणांचे बी भाजून मरते आणि माती भुसभुशीत होते.

कोकणच्या जांभ्या मातीच्या बाबतीत आणखी एक लाभ होतो. ही माती आम्लधर्मी असते. तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते असूनही पिकाला मिळत नाही. राख अल्कधर्मी असल्याने मातीची आम्लता काही काळ कमी होते आणि स्फुरदाची पकड सैल पडते. चुन्याची भुकटी टाकून जे साधते, त्याचाच हा घरगुती प्रकार म्हणता येईल.

येथवर राबाची बाजू भक्कम दिसते. मात्र एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. राबासाठी जळणारे टाहाळ, गवत आणि पातेरा हे सगळे त्या लहान तुकड्यात वाढलेले नसते. ते आजूबाजूच्या वरकस जमिनीतून, डोंगर-उतारावरील झाडांतून गोळा केलेले असते. म्हणजे राब ही केवळ भाजण्याची क्रिया नव्हे, ती वाहतूकही आहे. मोठ्या रानाची अन्नद्रव्ये डोक्यावरच्या भाऱ्यांतून उतरून लहानशा वाफ्यात येतात, आणि त्या वाफ्यातून रोपांबरोबर खाचरात जातात. खाचर श्रीमंत होते ते रानाच्या पैशाने. छाटलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटून त्याची भरपाई व्हायला पुरेशी वर्षे मिळाली, तर हा व्यवहार चालू राहतो. राखीव जंगलाच्या सीमेने शेतकऱ्याच्या हातचे रान कमी झाले, तेव्हा गणित सरळच होते: तेवढेच टाहाळ आता थोड्या झाडांवरून आणावे लागणार आणि प्रत्येक झाडाची पाळी लवकर येणार. झाडे खुंट होतात ही वन अधिकाऱ्यांची तक्रार खरी होती. पण ती पाळी लवकर आणण्यात त्यांच्याच सीमारेषेचा हात होता, हे त्यांच्या तक्रारीत येत नसे.

पाठगत प्रश्न

(१) राबात सर्वांत वर मातीचा थर का देतात?
(२) आगीनंतर मातीतील एकूण नत्र घटते, तरी रोपे हिरवी दिसतात. असे का होते ते दोन-तीन वाक्यांत लिहा.

डोंगरउतारावरचे चक्र

खाचरे सपाटीवर असतात. उतारावरील वरकस जमिनीची रीत वेगळी होती. दक्षिण कोकण, बेळगाव व कारवार या भागांत तिला कुमरी म्हणत. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, कातकरी व ठाकर समाज अशा रीतीने कसत आलेल्या जमिनींना दळी म्हणतात. उन्हाळ्यात झुडपे व फांद्या तोडून जागच्या जागी वाळवायच्या, पावसाआधी त्या जाळायच्या आणि राखेत पेरायचे. साधारणतः पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, त्यानंतर हरीक किंवा तीळ असे पीक घेत. मग ती जागा सोडून देत आणि रान तिच्यावर पुन्हा चढू देत.

पिकांच्या या क्रमात मातीची कहाणी दडलेली आहे. नाचणीला ताजी राख मिळते. वरीच्या वर्षी ती ओसरू लागलेली असते. हरीक हे अगदी निकस जमिनीतही उभे राहणारे धान्य. ज्याने कधी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नाही, त्या शेतकऱ्याने मातीतील अन्नद्रव्यांची उतरती पायरी पिकांच्या नावांनी नोंदवून ठेवली होती.

ही घसरण इतकी वेगाने होण्याचे कारण पाऊस. कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या उतारावरील राख पहिल्याच सरींनी ओढ्यात जाते. मोकळे झालेले अमोनियाचे नत्र जिवाणूंच्या क्रियेने नायट्रेट बनते, आणि नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. मुळांनी ते वेळेत उचलले नाही, तर ते पाण्याबरोबर खोल झिरपून जाते. पालाशाचेही थोड्याफार फरकाने तसेच होते.

जमीन सोडून दिल्यावर परतफेड सुरू होते. ऐन, पळस, धावडा यांचे जमिनीतील खुंट जिवंत असतात. त्यांना बुंध्याशी फुटवे येतात. जुनी मुळे खोलवर पसरलेली असल्यामुळे खाली झिरपलेले अन्न ती पुन्हा वर ओढतात आणि पानांच्या रूपाने जमिनीवर टाकतात. पळस, खैर, शिसव, करंज ही शेंगवर्गीय झाडे मुळांवरील गाठींमध्ये राहणाऱ्या जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र बांधतात. पाचोळ्याचा थर दरवर्षी वाढतो, त्याखाली गांडुळे व बुरशी कामाला लागतात, मातीचा रंग हळूहळू काळसर होतो. धुराबरोबर गेलेले नत्र अशा रीतीने हवेतूनच परत येते. स्फुरदाचे मात्र तसे नाही. त्याला हवेतला मार्ग नाही. वाहून गेलेल्या मातीबरोबर जे स्फुरद गेले, ते खडक झिजून नवे तयार होईपर्यंत परत मिळत नाही, आणि खडक झिजण्याचा काळ माणसाच्या आयुष्याच्या मापाने मोजता येत नाही. नत्र गेले तर वाट पाहता येते. माती गेली तर वाट पाहण्यालाही अर्थ उरत नाही.

म्हणून या पद्धतीचे बरेवाईट ठरवणारी गोष्ट आग नव्हे, दोन आगींमधील अंतर होय. विश्रांतीची वर्षे पुरेशी असली की रान भरून येते. लोकसंख्या वाढली, जमीन आकसली, विश्रांती चार-दोन वर्षांवर आली, की खुंटांना जोर धरायला अवधी मिळत नाही. मग झाडांऐवजी गवत वाढते, आणि रानमोडी, घाणेरी यांसारखी बाहेरून आलेली झुडपे जागा व्यापतात. गवत पुढच्या उन्हाळ्यात वणव्याला आयतेच सरण पुरवते.

हे केवळ सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील भागाला लागू नाही. त्याच पर्वतरांगेच्या दक्षिणेकडील भागात, तामिळनाडूतील मुदुमलाई अभयारण्यात आगींच्या नोंदींचा अभ्यास झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे एकाच जागी दोन आगींमध्ये सरासरी दहा वर्षांच्या आसपास अंतर असे; शतकाच्या अखेरीस ते सुमारे तीन वर्षांवर आले होते. मुदुमलाईत शेतकरी कुमरी करीत होता म्हणून हे घडले नाही. तेथील आगी बहुतेक माणसाच्या हातून लागणाऱ्या वणव्यांच्या आहेत, आणि वणव्यात वेळ, वारा, जागा यांपैकी काहीच निवडलेले नसते. राब आणि वणवा यांतील मुख्य भेद हाच आहे.

उत्तरेकडील उलटा अनुभव

आगीपासून रानाचा बचाव केला की माती सुधारतेच, असे आपण सहज गृहीत धरतो. ते सर्वत्र खरे नाही. हे समजण्यासाठी सह्याद्रीहून फार दूर, जेथे हिवाळा सहा-सात महिने टिकतो अशा प्रदेशात जावे लागेल. अलास्का, कॅनडा, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या उत्तर भागांतून सूचिपर्णी वृक्षांचा एक प्रचंड पट्टा पृथ्वीला वेढून गेला आहे. येथे स्प्रूस, पाइन, बर्च ही झाडे असतात आणि त्यांच्याखाली मॉस नावाच्या बुटक्या, शेवाळासारख्या वनस्पतींचा जाड गालिचा असतो.

आपल्याकडे पडलेले पान एक-दोन पावसाळ्यांत मातीस मिळते. तेथे थंडीमुळे जिवाणूंचे काम इतके मंदावते, की पाने, काटक्या आणि मॉस कुजण्यापेक्षा साचतच अधिक जातात. अन्नद्रव्ये या थरात अडकून पडतात. मॉसचा गालिचा उन्हाळ्याची ऊबही खाली पोचू देत नाही, त्यामुळे माती आणखी थंड राहते. कणगी काठोकाठ भरलेली आहे आणि किल्ली हरवली आहे, अशी ही अवस्था.

ही किल्ली येथे आगीकडे असते. विजेने पेटलेला वणवा साचलेला थर जाळतो. राखेने मातीची आम्लता घटते. काळी पडलेली जमीन सूर्याची उष्णता शोषते आणि अधिक खोलीपर्यंत उबदार होते. काही वर्षे अमोनिया, नायट्रेट व स्फुरद यांची चणचण राहत नाही. जांभळ्या फुलांची रानटी झाडे, मग बर्च व ॲस्पेन ही रुंद पानांची झाडे वाढतात. त्यांचा पाचोळा सूचिपर्णी झाडांच्या पाचोळ्यापेक्षा लवकर कुजतो. काही पाइन वृक्षांची फळे राळेने घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या आचेनेच उघडतात. जणू बी टाकण्यासाठी ती या क्षणाचीच वाट पाहत थांबलेली असतात. आगीने मागे ठेवलेला कोळसाही स्वस्थ बसत नाही. काही झुडपांच्या पाचोळ्यातून निघणारी, मुळांना व जिवाणूंना बाधणारी द्रव्ये तो शोषून घेतो.

पुढे अनेक दशकांनी स्प्रूस व मॉस परततात आणि साठा पुन्हा बंद होऊ लागतो. गमतीचा भाग असा, की हा मॉसच गेलेले नत्र परत आणतो. त्याच्या पानांच्या आडोशाला निळे-हिरवे शेवाळ राहते आणि ते हवेतील नत्र बांधते. स्वीडनमध्ये केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा मार्गाने हेक्टरी वर्षाला दीड ते दोन किलो नत्र मिळते. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे एका पोत्याइतके नत्र एका हेक्टरात जमवायला मॉसला दहा ते चौदा वर्षे लागतात. रानाचा धीर आपल्या हिशेबाच्या वहीत बसणारा नाही.

आणि आग मुळीच आली नाही तर? याचे उत्तर निसर्गाने स्वीडनच्या उत्तर भागातील होर्नावान व उड्याउरे या सरोवरांत लिहून ठेवले आहे. तेथे लहानमोठी अनेक बेटे आहेत. मोठ्या बेटांवर वीज पडण्याचा संभव अधिक, म्हणून ती वरचेवर जळत आली. अगदी लहान बेटे हजारो वर्षे जळली नाहीत. काहींवर शेवटची आग पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. ओले साक्रिसन, डेव्हिड वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेटांची तुलना केली आणि १९९७ पासून ती प्रसिद्ध होत गेली. न जळलेल्या लहान बेटांवर कुजकट थर खूप जाड आहे, परंतु झाडे खुरटी आहेत, कुजण्याची क्रिया मंद आहे आणि नत्र व स्फुरद झाडांच्या हाती लागत नाही. तेथील माती मुबलक कर्ब मात्र साठवून ठेवते, हेही विसरता कामा नये. हवेच्या दृष्टीने तो लाभच आहे.

तेव्हा आगीचा गुणदोष हवामान सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. थंड प्रदेशात साठा जमिनीत अडकतो, म्हणून अधूनमधून येणारी आग तो मोकळा करते. आपल्या उष्ण, पावसाळी प्रदेशात कुजणे आधीच वेगाने होते, साठ्याचा मोठा भाग उभ्या झाडांत असतो, आणि जे मोकळे होईल ते धुऊन न्यायला पाऊस दारात उभा असतो. पण अंतराचा नियम उत्तरेलाही चुकत नाही. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात २०१४ मध्ये मोठे वणवे लागले. त्यांच्या अभ्यासात असे दिसून आले, की ज्या रानांना आधीच्या आगीनंतर साठ वर्षेही झाली नव्हती, त्यांपैकी काही ठिकाणी मातीत पूर्वीच्या अनेक आगींतून वाचलेला जुना कर्बही या वेळी जळून गेला. २०२३ मध्ये तर कॅनडात एकाच वर्षी सुमारे दीड कोटी हेक्टर रान जळाले. उन्हाळे तापत चालल्यामुळे तेथेही आगींची पाळी लवकर येऊ लागली आहे.

राबाला पर्याय

पुन्हा भाताच्या वाफ्याकडे येऊ. राब बंद करा, असे सांगणे सोपे असते. त्याने जे दिले ते दुसऱ्या कशाने देता येईल, हे सांगणे अवघड. या दिशेने महाराष्ट्रात झालेला एक लक्षणीय प्रयत्न म्हणजे कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती. तिच्या पहिल्या सूत्रानुसार भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यातील मातीत मिसळतात आणि भाताचा पेंढा खाचरात गाडतात. या दोन्हींतून रोपांना पालाश व सिलिका मिळते. सिलिकेमुळे रोपाचे खोड कणखर होते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे. ग्लिरिसिडिया या नावाने ओळखले जाणारे हे शेंगवर्गीय झाड बांधावर सहज वाढते. चिखलणीपूर्वी त्याचा पाला खाचरात टाकला की तो लवकर कुजतो आणि नत्र देतो. उरलेली दोन सूत्रे ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी करणे आणि चार रोपांच्या चौकोनात युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणे ही आहेत.

पहिली दोन सूत्रे नीट पाहिली, तर राबाचेच घटक त्यांत वेगळे करून घेतलेले दिसतील. राख आहे, पण ती रानातल्या ऐनाची नसून गिरणीतल्या तुसाची आहे. नत्रही आहे, पण ते धुरात न जाता पाल्यातून सरळ चिखलात जाते. ऐनाच्या झाडावर कोयता चालत नाही. एक गोष्ट मात्र या पद्धतीत आपोआप मिळत नाही: मातीला मिळणारा शेक आणि त्याने मरणारे तणाचे बी. ज्या शेतकऱ्याला तणाची बेणणी घरच्याच माणसांकडून करून घ्यावी लागते, तो राब सोडताना दोन वेळा विचार करतो, आणि त्याचा तो विचार अडाणीपणाचा नसतो. गावात भातगिरणी जवळ नसेल तर काळी राखही दुरून आणावी लागते. कोकणात व मावळात अजूनही काही वाफ्यांतून वैशाखात धूर निघतो, त्याची कारणे अशी साधी आणि रोजच्या कष्टाशी जोडलेली आहेत.

शब्दार्थ

वरकस – डोंगरउताराची, भातास न चालणारी हलकी जमीन
टाहाळ – झाडाच्या पाल्यासह तोडलेल्या लहान फांद्या
पातेरा – वाळून पडलेला पाला, पाचोळा
कणगी – धान्य साठवण्याची बांबूची मोठी टोपली
वहिवाट – पूर्वापार चालत आलेला वापर किंवा हक्क
निकस – कस उरला नाही अशी
बेणणी – पिकातील तण काढणे
चिखलणी – लावणीपूर्वी खाचरातील मातीचा चिखल करणे

स्वाध्याय

१. ‘खाचर श्रीमंत होते ते रानाच्या पैशाने’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. आगीत गेलेले नत्र परत येऊ शकते, पण वाहून गेलेले स्फुरद सहजासहजी परत येत नाही. कारणे लिहा.

३. १८८५ च्या वन आयोगापुढे तुम्ही साक्षीदार म्हणून उभे आहात अशी कल्पना करा. शेतकऱ्याच्या किंवा वन अधिकाऱ्याच्या बाजूने दहा-बारा ओळींची साक्ष लिहा. दुसऱ्या पक्षाचा एक तरी खरा मुद्दा त्यात मान्य करा.

४. तुमच्या परिसरात शेतातील काडीकचरा, उसाचे पाचट किंवा गवत जाळतात का? जाळणाऱ्या एखाद्या अनुभवी व्यक्तीला त्यामागील कारण विचारा आणि मिळालेले उत्तर तिच्याच शब्दांत लिहून काढा.